उलांडीच्या कयाकवरील बाके: एका फिरत्या सल्ल्याचा हिशेब

शिडाच्या लहान कयाकला, म्हणजे अरुंद हलक्या होडीला, दोन्ही अंगांना उलांड्या (तोल सावरण्यासाठी बाजूला जोडलेले तरंगते भाग) असतील, तर त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांवर एकेक फळी टाकून बाहेरच्या बाजूला बाके करून घ्यावीत, असा सल्ला गेली काही वर्षे हौशी मंडळींत हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: माणूस जितका बाहेर बसेल तितकी होडी स्थिर राहते, उलांड्या असल्यामुळे ती उलटण्याचा प्रश्नच उरत नाही, दांड्या माणसाचे वजन सहज पेलतात, रिकाम्या बाजूला पाहुणाही बसवता येतो, आणि यात नवे काही नाही, आपल्या किनाऱ्यावरचे कोळी आणि गाबीत असेच बसत आले आहेत. माझ्या कयाकला मी स्वतः अशी बाके केली आहेत आणि ती मी वापरतो, त्यामुळे बाकांशी माझे वैर नाही. परंतु या सल्ल्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे, आणि खाडीत अर्धे खरे वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडते, म्हणून एकेक मुद्दा हिशेबाला लावतो.

हिशेबासाठी माझ्याच नावेची मापे घेतो. लांबी सुमारे ५ मीटर, शिडासकट वजन ८० किलो, बसणाऱ्याचे वजन ७५ किलो, शीड ६ चौरस मीटर, प्रत्येक उलांडी ६० लिटरची, आणि नावेच्या मध्यरेषेपासून उलांडीच्या मध्यापर्यंतचे अंतर १.३ मीटर. वारा १२ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरचा असेल आणि शीड पूर्ण उघडे असेल, तर त्यावर आडवा दाब साधारण १७ किलोचा येतो. हा दाब पाण्याखालच्या विरोधापासून सुमारे २.२ मीटर उंचीवर लागतो, तेव्हा नावेला उलथवणारा जोर १७ गुणिले २.२, म्हणजे ३७ एकक झाला. किलो गुणिले मीटर या मापाला मी येथे नुसते एकक म्हणतो. वाऱ्याआडची, म्हणजे वारा नावेला जिकडे कलवतो त्या बाजूची, उलांडी पूर्ण बुडेपर्यंत जो सावरणारा जोर देऊ शकते तो ६० गुणिले १.३, म्हणजे ७८ एकक. नावेचे मधले अंग अरुंद असते, त्यामुळे त्याचा वाटा येथे सोडून दिला तरी फारसे बिघडत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे लक्षात घेतले तर तांडेल, म्हणजे नाव चालवणारा, मध्यभागी बसलेला असताना ही नाव सुमारे १७ नॉटच्या वाऱ्यात सावरण्याच्या टोकाला पोहोचते.

आता पहिला मुद्दा, बाहेर बसल्याने येणाऱ्या स्थैर्याचा. तांडेल वाऱ्याकडच्या बाकावर, मध्यरेषेपासून ९० सेंटीमीटरवर बसला, तर त्याचे वजन ७५ गुणिले ०.९, म्हणजे ६७ एककांची भर घालते. एकूण सावरणारा जोर १४५ एकक झाला आणि कागदावरची मर्यादा १७ वरून जवळजवळ २४ नॉटपर्यंत गेली. सल्ला देणारे येथेच थांबतात, कारण हा आकडा खरोखरच मोहात पाडणारा आहे. मात्र तोच माणूस, त्याच बाकाच्या जोडीदारावर, म्हणजे वाऱ्याआडच्या बाजूला बसला, तर ६७ एकक मिळवायचे नसून ७८ मधून वजा करायचे असतात. उरतात ११, आणि ते उडवून द्यायला साडेसहा नॉटची झुळूक पुरते. नाव तीच, शीड तेच, माणूस तोच, आणि मर्यादा मात्र २४ नॉटवरून साडेसहावर. वाऱ्याला तोंड देऊन नाव वळवताना शीड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते, त्या क्षणी बाकावर बसून राहिलेला माणूस आपोआप चुकीच्या बाजूला आलेला असतो. मध्यभागी बसणाऱ्याच्या वाट्याला ही चूक येतच नाही. बाके लावली की प्रत्येक वळणाला एका बाकावरून उठणे, शिडाच्या खालच्या काठीखालून वाकून जाणे, सुकाणूचा लांब केलेला दांडा सोबत नेणे आणि दुसऱ्या बाकावर टेकणे ही कसरत आली, आणि ती ज्याला अंगवळणी पडलेली नाही त्याची नाव बाकांमुळे अधिक स्थिर झाली असे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा म्हणजे उलांड्या असल्याने नाव उलटत नाही हा दिलासा. येथे वाऱ्याची गरजही लागत नाही. वारा अचानक पडला आणि तांडेल ९० सेंटीमीटरवर बसलेलाच राहिला, तर त्याचे ६७ एकक त्याच्याच बाजूच्या उलांडीला पेलावे लागतात. ६७ भागिले १.३, म्हणजे सुमारे ५२ किलो, आणि उलांडी आहे ६० लिटरची. पाण्यावर उरली आठ लिटरची पाठ. आदल्या दिवशी उलांडीचे पाणी काढण्याचे बूच नीट आवळले गेले नसेल आणि आत अर्धी बादली पाणी असेल, तर तेवढीही नाही. फळी आणखी २० सेंटीमीटर बाहेर सरकवली, तर ७५ गुणिले १.१ म्हणजे ८२ एकक होतात, आणि ही नाव निवांत पाण्यात, वारा नसताना, बसलेल्या माणसाच्या अंगावर उलटते.

हे मी कागदावर मांडण्याआधी अंगावर घेतले होते. मालवणजवळच्या देवबागची जमीन म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांमधली माडांची चिंचोळी पट्टी आहे. दुपारनंतर खारे वारे वायव्येकडून येतात ते या माडांवरून खाडीत उतरतात, त्यामुळे खाडीच्या त्या काठाने जाताना वारा सलग मिळत नाही; माडांच्या दोन राईंमधल्या मोकळ्या जागेतून झोत येतो आणि पुढच्या राईआड तो दिवा मालवावा तसा जातो. एका झोतात मी मोठ्या ऐटीने वाऱ्याकडच्या बाकावर मागे रेलून बसलो होतो. राई आली, शीड सैल पडले, आणि आतापर्यंत पाण्याबाहेर उचललेली माझ्या बाजूची उलांडी एखाद्या म्हशीसारखी संथपणे खाली बसली. पाणी आधी फळीच्या फटींतून वर आले, मग मांडीपर्यंत. घाईने आत सरकलो म्हणून नाव वाचली, परंतु सरकायला मध्ये जागा होती हे नशीब, कारण त्या दिवशी मधल्या बैठकीत पाण्याची पिंपे आणि जेवणाचा डबा ठेवण्याचा विचार होता. समुद्रावर सकाळी मतलई वारे ओसरून खारे सुरू होण्याच्या मधल्या वेळेतही असाच अनुभव येतो, फक्त तेथे तो हळू येतो.

तिसरा मुद्दा दांड्यांच्या बळाचा. दांडी माणसाचे वजन पेलते असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही टोकांना आधार असलेला पूल असतो. उलांडी पाण्यात असेपर्यंत ते चित्र बरोबर आहे. परंतु बाकाचा खरा उपयोग जेव्हा होतो, म्हणजे वाऱ्याकडची उलांडी पाण्याबाहेर उचललेली असते, तेव्हा बाहेरचा आधार गेलेला असतो आणि दांडी भिंतीतून बाहेर आलेल्या खुंटीसारखी एका टोकावर तगून असते. माझ्या नावेत मधल्या अंगाची कड मध्यरेषेपासून ३५ सेंटीमीटरवर आहे. म्हणजे माणूस त्या कडेच्या ५५ सेंटीमीटर बाहेर. वजन दोन दांड्यांत वाटले आणि उलांडीचा भार धरला, तर प्रत्येक दांडीच्या मुळाशी सुमारे २२५ न्यूटन-मीटर वाकवणारा जोर येतो. ३८ मिलिमीटर व्यासाच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या नळीत त्यामुळे ११६ मेगापास्कलचा ताण निर्माण होतो. दारे-खिडक्यांची चौकट करणाऱ्याकडे बहुधा जो ६०६३ प्रकारचा ॲल्युमिनियम मिळतो, तो टी५ प्रतीत १४५ मेगापास्कलच्या आसपास कायमचा वाकतो. लाटेवरून नाव आदळली की भार सहज दुप्पट होतो, आणि मग हिशेब करण्याचे कारण उरत नाही. ५० मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडी घेतली तर हाच ताण ४६ वर येतो, दुप्पट झाला तरी ९२. व्यासात १२ मिलिमीटरचा आणि जाडीत एका मिलिमीटरचा फरक, पण त्यावर बसायचे की नाही हे तो ठरवतो.

या मुद्द्यात आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, फळी बसवण्यासाठी दांडीला भोक पाडू नये. भोकाच्या कडेला ताण अडीच-तीन पट होतो, खाऱ्या पाण्यात पोलादी बोल्टच्या संगतीने ॲल्युमिनियम कुरतडले जाते, आणि तडा जातो तो नेमका न दिसणाऱ्या जागी. रबराची पट्टी घालून दोरीने किंवा पट्ट्याने आवळावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती कोणीच सांगत नाही. अनेक तयार कयाकांच्या दांड्या मागे दुमडता येतात, आणि काहींत मुद्दाम एक कच्ची खीळ ठेवलेली असते. उलांडी खडकावर किंवा जेटीच्या खांबावर आपटली की ती खीळ तुटते, दांडी मागे फिरते आणि नावेचे अंग फाटण्यापासून वाचते. पुढच्या आणि मागच्या दांडीला एकच फळी घट्ट बांधली की ही सोय संपली. धडकेचा भार थेट नावेच्या प्लास्टिकच्या अंगात उतरतो. शिवाय अशी नाव पालथी पडली तर ती उलटी देखील तितकीच स्थिर असते, आणि तिला पुन्हा उताणी करण्यासाठी एका बाजूची उलांडी दुमडावी लागते. पाण्यात पोहत असलेल्या माणसाला आधी चार गाठी सोडाव्या लागणार असतील, तर त्याने ते बाक बांधलेच नसते तर बरे झाले असते. माझ्या फळीची मागची बाजू आता एका ओढीत सुटणाऱ्या ओढगाठीवर आहे.

पाहुण्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. दोन्ही बाकांवर सारख्या वजनाची दोन माणसे बसवली तर त्यांचे जोर एकमेकांना काटतात, म्हणजे सावरण्याच्या कामी बाकांचा उपयोग शून्य, आणि दीडशे किलो वजनाने नाव खाली बसल्यामुळे उलांड्यांची पाठ आधीच पाण्याजवळ गेलेली. त्यातला एक जण फोटो काढायला उठून मध्ये आला की दुसऱ्याचे ६७ एकक मोकळे सुटतात. पाहुणा मध्ये बसवावा आणि बाकावर जाण्याचे काम फक्त नाव चालवणाऱ्याने करावे.

राहिला परंपरेचा दाखला. कोकणातल्या जुन्या होड्यांना उलांडी एकाच बाजूला असते, हलक्या लाकडाची, दोन वाकड्या दांड्यांना काथ्याने आवळलेली. ती बैठक म्हणून केलेली नव्हे. माणसे होडीत बसतात, आणि गरज पडली तर एखादा दांडीवर पाय टाकून भार देतो. श्रीलंकेच्या ओरू नावाच्या होडीत ही कला फार पुढे गेली. तेथे उलांडी कायम वाऱ्याकडे ठेवतात, दिशा बदलायची तर नाव न वळवता शिडाचे टोक फिरवून नाळेची वरामी, म्हणजे पुढच्या टोकाचे मागचे टोक, करतात, आणि वारा किती आहे हे किती माणसे उलांडीच्या दांड्यांवर जावी लागतात यावरून सांगितले जाई: एका माणसाचा वारा, दोन माणसांचा वारा. या मोजमापात मला सगळ्यात आवडते ते हे की त्यात माणूस जागचा हलतो हे गृहीतच धरले आहे. वारा पडला की तो आत येणार. अमेरिकेत १८८० च्या दशकात पॉल बटलर यांनी शिडाच्या कॅनोवर, म्हणजे कयाकसारख्याच अरुंद होडीवर, सरकती फळी आणली, आणि १९३३ मध्ये अफा फॉक्स आणि रॉजर डी क्विन्सी हे दोघे इंग्रज तशा फळ्यांच्या कॅनो घेऊन अमेरिकेत शर्यती जिंकून आले. त्या नावांना उलांडी नव्हतीच, आणि फळी एका वेळी एकाच बाजूला बाहेर निघत असे. म्हणजे परंपरेचा दाखला द्यायचाच, तर तो सरकत्या माणसाचा आहे, दोन्ही बाजूंना कायम मांडलेल्या बाकांचा नाही.

बाके करायचीच असतील, तर फळीची जागा वाऱ्याच्या कमाल आकड्यावरून न ठरवता वारा पडल्यावर उलांडी किती बुडते यावरून ठरवावी. त्यासाठी लागते ती एक शांत सकाळ, कमरेइतके पाणी, एक सोबती आणि चिकटपट्टी. शीड न लावता बाकावर बसावे, सोबत्याने उलांडीवर पाण्याच्या रेषेला पट्टी लावावी, आणि पट्टीच्या वर उलांडीचा तिसरा हिस्सा तरी कोरडा राहीपर्यंत फळी आत घ्यावी. मी माझी फळी ९० वरून ७० सेंटीमीटरवर आणली. वाऱ्याची कागदी मर्यादा जवळजवळ २४ वरून साडेबावीस नॉटवर आली, तेवढ्या वाऱ्यात मी एरवीही शीड गुंडाळूनच घरी निघालेला असतो. आणि माडांच्या राईआड आता उलांडीची वीस लिटरची पाठ पाण्यावर राहते.