पाच वर्षांनंतरची तारीख

2022च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या वेल्समध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी 25 ते 49 वयाच्या स्त्रियांसाठी तीनऐवजी पाच वर्षांनी होईल असे जाहीर झाले आणि काही दिवसांतच त्याविरुद्धच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. तिथल्याच कार्डिफ शहरातल्या माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मीही सही करण्याच्या बेतात होते, कारण लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला सरकारने काही कमी केले की पैसे वाचवले असेच वाटते. वस्तुतः निर्णयामागचा पुरावा भक्कम होता. आता पेशींतल्या बदलांऐवजी आधी एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू, शोधला जातो, तो नसेल तर पुढील काही वर्षांत कर्करोग होण्याची शक्यता फार कमी असते, आणि ब्रिटनच्या तपासणीविषयक तज्ज्ञ समितीने 2019 मध्येच ही शिफारस केली होती. ती लोकांना नीट समजावून मात्र सांगितली नव्हती, आणि त्याबद्दल तिथल्या आरोग्ययंत्रणेला माफी मागावी लागली.

दिवाळीत घरी हे सांगितले तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "तुमच्याकडे निदान संशोधन तरी असतं, आपल्याकडे सगळं बॅनरवर चालतं." बॅनरचे त्याचे म्हणणे मला मान्य आहे, संशोधनाचे नाही. ज्या परळमध्ये तो रोज उतरतो, तिथल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठी चाचणी केली. दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले; गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचेच द्रावण, लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि बिघाडाची शंका दाखवणारा पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. बारा वर्षांच्या निरीक्षणानंतर या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तुलनेसाठी ठेवलेल्या ज्या गटाची तपासणीच केली नाही, त्यातल्या बायकांवर अन्याय झाला, ही टीका मला आजही बोचते, आणि म्हणूनच इतक्या किमतीने मिळालेले उत्तर वाया जाऊ नये असे वाटते.

सरकारने 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करण्याचा आराखडा काढला, म्हणजे पुरावा धोरणापर्यंत पोहोचला. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही भरल्या नाहीत. माझ्या मते आपण त्या संशोधनातून द्रावण तेवढे उचलले. मृत्यू कमी झाले ते एकट्या द्रावणाने नव्हेत. त्या बायका दर दोन वर्षांनी, चार वेळा, दारोदार गेल्या होत्या, आणि डाग दिसलेल्या स्त्रीला रुग्णालयात नेऊन तिच्यावर उपचार होतील अशी सोय त्यामागे होती. एका रविवारच्या शिबिरात, नगरसेवकाच्या हसऱ्या फोटोखाली, तपासलेल्यांचा आकडा मोठा करता येतो. त्यातून मृत्यू कमी होतात असे त्या अभ्यासाने म्हटलेलेच नाही.

आमच्या आत्याने, वय 58, अशाच एका शिबिरात तपासून घेतले. रांगेत तासभर, मग टोकन, तपासणी, बिस्किटाचा पुडा आणि एक गुलाबी कागद. तो कागद तिने मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, तेव्हा मी मोठा करून वाचला: नाव, वय, वजन, रक्तदाब, आणि खाली "तपासणी झाली" असा शिक्का. निकालाची जागा कोरी होती.

"अगं, काही निघालं असतं तर बोलावलं असतं ना त्यांनी?" ती म्हणाली.

माझ्या टेबलावर कार्डिफचे पत्र होते. त्यात विषाणू सापडला नाही असे लिहिले होते आणि पुढच्या तपासणीचे बोलावणे पाच वर्षांनी येईल असेही. आत्याला पुन्हा केव्हा यायचे, ते कुणी सांगितले नव्हते, आणि विचारायचे कुणाला, हेही तिला माहीत नव्हते.