मेथाडोन सोडतानाचा त्रास: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती बाटली. माझ्या मेथाडोनवरच्या पोस्टखाली तुम्ही शेवटी लिहिलंय की भावाला घरी न्यायला मिळालेल्या डोसची एक बाटली कपाटात पडून आहे, मेथाडोन (हेरॉइनऐवजी रोज एकदा पाजतात ते औषध) बंद होऊन तीन आठवडे झालेत, आता तो परत चालू करायचं म्हणतोय, तर आधीचाच 90 मिलिग्रॅमचा डोस दिला तर चालेल का. नाही चालणार. अर्धासुद्धा देऊ नका. तीन वर्षं रोज घेऊन शरीराला जी सवय झाली होती ती एवढ्या दिवसांत बरीच उतरलेली असते, आणि जो डोस पिऊन तो दिवसभर कामावर उभा असायचा तोच डोस आज त्याचा श्वास बंद पाडू शकतो. त्यात मेथाडोन हळू चढतं, घेतल्यावर पहिले दोन तास माणूस बोलतो-चालतो, नीट दिसतो, आणि मग रात्री जोरजोरात घोरायला लागतो, घरच्यांना वाटतं चला एकदाचा झोपला, आणि ते घोरणं म्हणजे खरंतर श्वास कमी पडत असतो. बाटली कुलपात ठेवा आणि जिथून डोस मिळायचा त्या सेंटरवर परत देऊन टाका. घरात लहान मूल असेल तर आजच द्या, मुलाच्या जिवावर बेतायला एक डोस पुरतो.

आता तुमच्या रागाबद्दल. तुम्ही म्हणता मी डोसबद्दल पानभर लिहिलं आणि विड्रॉलबद्दल, म्हणजे सोडतानाच्या त्रासाबद्दल, एक ओळ, आणि ती ओळ सुद्धा "हळूहळू कमी केलं की फारसा त्रास होत नाही" अशी. हे मला मान्य आहे. ती ओळ चुकीची होती, मी ती पोस्टमधून काढलीये. मी इतकी वर्षं डोस देण्याच्या खिडकीवर नर्स म्हणून उभी राहते, डोस चुकलेला माणूस रांगेत लांबूनच ओळखू येतो, एकामागून एक जांभया, नाक गळतंय, हातावर काटा, डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि पाय एका जागी ठरत नाहीत. हे रोज बघूनही मी ते एका वाक्यात उरकलं, तुमच्या भावाने ते महिनाभर भोगलं.

पण "हेरॉइन सोडताना आठ दिवसांत उभा राहिला होता, मेथाडोन त्याहून विषारी" या तुमच्या वाक्यातलं पहिलं खरं आहे आणि दुसरं नाही. हेरॉइन शरीरातून लवकर जातं, म्हणून टर्की, म्हणजे हाच सोडतानाचा त्रास, 8 ते 12 तासांत चालू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीव नकोसा करते आणि आठवडाभरात शरीराचा त्रास बराचसा ओसरतो. मेथाडोन अर्धं उतरायलाच साधारण एक दिवस, काहींना दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे बंद केल्यावर एक-दोन दिवस काहीच होत नाही, मग दुखणं चढतं आणि दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतं, झोप तर सगळ्यात शेवटी परत येते. ज्या हळूपणामुळे दिवसाला एकच डोस पुरतो, तोच हळूपणा सोडताना अंगावर येतो.

आणि त्याचा डोस कमी केला कसा ते बघा. तुम्ही लिहिलंय दर आठवड्याला 10 मिलिग्रॅम, 20 वर आल्यावर बंद. ऐकायला सारख्या पायऱ्या वाटतात पण त्या सारख्या नाहीत ना! 90 वरून 80 म्हणजे जेमतेम 11 टक्के कमी, 30 वरून 20 म्हणजे एका झटक्यात तिसरा हिस्सा गेला, आणि 20 वरून शून्य म्हणजे सगळंच. तो 30 पर्यंत बरा होता आणि नंतर कोसळला असं तुम्हीच म्हणताय, ते अगदी या हिशोबासारखंच झालं. आधीच्या डोसच्या 5 ते 10 टक्के, तेही दोन-चार आठवड्यांनी एकदा, त्रास झाला की महिना-दोन महिने तिथेच थांबायचं, गरज पडली तर एक पायरी वर जायचं, असं करत 90 वरून उतरायला वर्ष, कधी जास्तही लागतं. सात-आठ आठवड्यांत उतरवलं म्हणून तो कमकुवत ठरत नाही, उतरवणाऱ्यांनी घाई केली. आणि सोडायचं तो म्हणत होता की घरचे म्हणत होते? हे टोचून विचारत नाहीये, पण ज्याला स्वतःला सोडायचंय त्याचं टेपर, म्हणजे डोस हळूहळू उतरवणं, वेगळं जातं.

"एक व्यसन काढून दुसरं लावता" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. शरीराला सवय लागणं आणि व्यसन यात फरक आहे. तुमचा भाऊ तीन वर्षं सकाळी एकदा सिरप पिऊन कामावर जात होता, पैसे चोरत नव्हता, सुया टोचत नव्हता, हे तुम्हीच लिहिलंय. न्यूयॉर्कमध्ये 1964 साली डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं, मॉर्फिनवर ठेवलेले पेशंट दिवसभर पुढच्या इंजेक्शनची वाट बघत बसायचे, मेथाडोनवर आल्यावर तेच लोक शिक्षण आणि कामाचं बोलायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. आणि 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात मेथाडोनवर असताना दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण 11 मृत्यू, आणि उपचाराबाहेर 36, असं निघालं. उपचार सुटल्यानंतरचा पहिला महिना त्यात सगळ्यात वाईट, आणि तुमचा भाऊ आत्ता त्याच महिन्यात आहे, म्हणून मी एवढी कळकळीने लिहितेय.

पोस्टमध्ये मी रोज घेणाऱ्याला डोस पुरत नसेल तर वाढवा म्हणते त्याचं कारण पण सांगते. बहुतेकांना 60 ते 120 च्या मध्ये कुठेतरी स्थिर वाटतं, आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं. आमच्याकडे एकजण 80 वर छान चालला होता, अचानक संध्याकाळपासून अंग मोडून यायला लागलं, सगळे म्हणाले परत बाहेरून घेतोय. त्याला टीबीचं औषध चालू झालं होतं, त्यातलं रिफाम्पिसिन मेथाडोन लवकर उडवून लावतं. बिचारा आठवडाभर खोटारडा ठरला! फिटच्या काही गोळ्याही असंच करतात.

आता परत चालू करण्याबद्दल. हो, करू दे, पण नवीन पेशंटसारखं, सेंटरमध्येच, 10 ते 30 च्या मध्ये जो डॉक्टर ठरवतील त्या डोसने. पहिले चार-पाच दिवस तो चिडेल, डोस पुरत नाही म्हणेल. तेव्हा हे लक्षात ठेवा की 30 रोज दिलं तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं साधारण 15 अंगात शिल्लक असतं, म्हणजे 45, मग 52, आणि हळूहळू 60 च्या आसपास, डोस न वाढवताच. म्हणून घाईने वाढवलं की माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगावतो. या दिवसांत रात्री कोणीतरी त्याच्याजवळ झोपा. घोरणं विचित्र वाटलं, ओठ निळसर दिसले, हाक मारून उठला नाही तर अँब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन (अशा वेळी दबलेला श्वास परत चालू करणारं औषध) असेल तर द्या, आणि त्याने डोळे उघडले तरी घरी ठेवू नका, नॅलोक्सोन तास-दीड तासात उतरतं आणि मेथाडोन तसंच असतं.

अजून एक, तुम्ही मध्येच लिहून गेलात की झोप येत नाही म्हणून तो "कुठलीतरी झोपेची गोळी" घेतोय. ती गोळी कुठली ते आज बघा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम यांपैकी काही असेल तर मेथाडोनबरोबर ते दोन्ही मिळून श्वास दाबतात, दारूचंही तसंच. पण महिनाभर रोज घेत असेल तर ती एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते. पाकीट घेऊन त्याच्याबरोबर जा आणि पहिला डोस देण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्या, तो स्वतःहून सांगणार नाही.