फेब्रुवारी कुणी दिला?
अमेरिकेत फेब्रुवारी हा ‘कृष्णवर्णीय इतिहास महिना’ (ब्लॅक हिस्टरी मंथ) म्हणून पाळतात. ‘अमेरिकी सरकारने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला मुद्दाम वर्षातला सर्वांत लहान महिना दिला’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. महिना सरकारने ठरवलेलाच नाही. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये या इतिहासाचा आठवडा म्हणून फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला. कारण लिंकन यांची जयंती १२ला, गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांची १४ला. दोन्ही कृष्णवर्णीय वस्त्यांत आधीपासूनच साजऱ्या होत. (डग्लस गुलामीत जन्मले, खरी जन्मतारीख नोंदलेलीच नव्हती; १४ ही त्यांनी स्वतः धरलेली.) वुडसन यांची संस्था शाळांना पाठांचे आराखडे, नाटुकली, भित्तिपत्रके पुरवी. आठवड्याचा महिना केंट स्टेट विद्यापीठात १९७०मध्येच झाला होता. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मान्यता आली १९७६ साली. ब्रिटनमध्ये तर तो ऑक्टोबरात असतो.