हवा दमट आहे म्हणून डब्यातला जीव सुखात असतो असं नाही

ठाण्यात कुणी आयसोपॉड, म्हणजे पालापाचोळ्यात राहणारे छोटे जीव, डब्यात पाळायला घेतले की चार दिवसांत त्याच्या फोनवर एक मेसेज येतोच. थोडक्यात तो असा: ठाणे-नवी मुंबईची हवा मुळातच दमट, त्यामुळे या किड्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. डबा घट्ट बंद करा, रोज पाणी फवारा, सुकी पानं टाका. उष्ण कटिबंधातले असल्याने उन्हाळ्याचा त्यांना त्रास नाही. फार झाले तर बागेत सोडा, माती सुपीक होईल.

गेल्या जुलैत मानपाड्याचा एक अकरावीतला मुलगा हा मेसेज तंतोतंत पाळून, आपला डबा घेऊन माझ्याकडे आला. झाकणाला आतून थेंब लोंबत होते, तळाशी पाणी साचलं होतं, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, काळं पडलं होतं. पंधरा-सोळा जीव भिंतीवर चढून झाकणाच्या कडेला दाटीने बसलेले. "काका, त्यांना वर चढायला आवडतं," तो म्हणाला. आवडत नव्हतं. खाली श्वास घेता येत नव्हता, म्हणून ते वर आले होते.

मुळात 'किडे' या शब्दापासूनच घोळ सुरू होतो. आयसोपॉड हे कीटक नव्हेत आणि पावसाळ्यात जिन्यात दिसणारी वाणीही नव्हे. ते खेकडा-कोळंबीच्या गोतातले, कवचधारी. पायांच्या सात जोड्या. समुद्रातून जमिनीवर आले, पण श्वासाची जुनी सोय पूर्ण सुटली नाही. पोटाखाली मागच्या बाजूला पातळ पापुद्र्यांसारखे अवयव असतात, त्यांतून ते हवा घेतात. हे पापुद्रे ओलसर राहिले पाहिजेत, सुकले तर जीव जातो. पण पाण्यात बुडाले तरी जीव जातो. मेसेज लिहिणाऱ्याने यातली पहिली अर्धी गोष्ट घेतली आणि दुसरी सोडून दिली.

म्हणून 'रोज पाणी फवारा' हा सल्ला सगळ्यात घातक. फवाऱ्याने सगळीकडे सारखी ओल होते आणि नेमकं तेच नको असतं. या जीवाला एक ओलं टोक आणि एक कोरडं टोक लागतं, मग कुठे बसायचं ते तो स्वतः ठरवतो. कात टाकायची वेळ आली की एकीकडे, अंगावर जास्त ओल झाली की दुसरीकडे. मी फवारतच नाही. डब्याच्या एका बाजूला तिसरा हिस्सा शेवाळ ठेवतो आणि पाणी फक्त त्या कोपऱ्यात हळू ओततो. दुसऱ्या बाजूला पानं, कुजकं लाकूड, झाडाची साल. तिथली माती बोटाने उकरली तर खाली किंचित गार लागावी, बोटाला चिकटू नये. त्या मुलाचा डबा आम्ही त्याच दिवशी असा लावला. दुसऱ्या दिवशी एकही जीव भिंतीवर नव्हता, सगळे सालीखाली गेले होते.

'घट्ट बंद करा' यामागे ओल उडू नये हा हेतू असणार, पण त्याची किंमत मोठी आहे. आपल्यासारखं मूत्र आयसोपॉड करत नाहीत. शरीरातला नको असलेला नायट्रोजन ते बराचसा अमोनिया वायूच्या रूपात बाहेर सोडतात. त्यात पानं कुजतात, तीही कार्बन डायऑक्साइड सोडतात. झाकण घट्ट असेल तर हे सगळं आतच कोंडतं. समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं पाडा आणि आतून बारीक स्टीलची जाळी लावा, नाहीतर पावसाळ्यात चिलटं शिरतात. बुरशी खाऊन टाकणारे स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव सोबत सोडले तर उत्तमच, पण ते हवेची जागा भरून काढत नाहीत.

आता 'आपली हवा दमटच आहे'. जुलै-ऑगस्टमध्ये ती दमट असते, हे खरंच. तेव्हा बाहेरची हवा डब्यातली ओल ओढून नेत नाही, म्हणून पाणी कमी करावं लागतं. मी कधी कधी दहा दिवस एक थेंबही घालत नाही. पण तोच डबा मे महिन्यात रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत असतो. एसी खोलीतलं बाष्प काढून नळीवाटे बाहेर टाकतो, खिडकीखाली ठिबकणारं पाणी तेच. बाहेर घामाच्या धारा आणि खोलीत कोरडी हवा, असं होतं. जानेवारीत जमिनीकडून कोरडा वारा येतो, दुपारी आपले ओठ फुटतात. तेव्हा शेवाळ तीन-चार दिवसांत कडक होतं. ठाण्यातलं कोलशेत असो की नवी मुंबईतलं सीवूड्स, वर्षभरासाठी पाण्याचं एकच वेळापत्रक चालत नाही. डबा रोज बघावा आणि शेवाळ हाताला कसं लागतं त्यावरून ठरवावं.

उन्हाळ्याबद्दलचं वाक्य वाचलं की मला अजून त्रास होतो, कारण मी त्यावर एकदा विश्वास ठेवला होता. हौसेच्या बाजारात ज्यांना मोठी मागणी आहे ते 'रबर डकी' जातीचे आयसोपॉड थायलंडच्या चुनखडीच्या गुहांमधले. देश उष्ण, पण गुहा गार आणि तिचं तापमान फारसं हलत नाही. जंगलातल्या जातीही पालापाचोळ्याखाली सावलीत राहतात, उन्हात नव्हे. हा फरक कळायच्या आत मी एका मे महिन्यात चार दिवस चिपळूणला गेलो आणि डबा वरच्या मजल्यावरच्या घरात माळ्यावर, थेट स्लॅबखाली ठेवला. परत येऊन झाकण उघडलं तेव्हा सडक्या मासळीसारखा वास आला. तीसेक होते, एकही उरला नव्हता. आता मे महिन्यात माझे डबे आतल्या खोलीत लादीवर असतात, काचबंद गॅलरीत कधीच नाही. आत तापमापकाची सुई खुपसलेली असते. चोवीस ते अठ्ठावीस अंशांत ते छान राहतात, बत्तीसच्या वर गेलं की मी डब्याभोवती ओला पंचा गुंडाळून पंखा लावतो.

सुक्या पानांचं वाक्य अर्धं बरोबर. पानं हवीतच: देशी बदामाची, उंबराची, फणसाची, झाडाखाली आपोआप गळलेली तपकिरी. कडुनिंबाची नको, त्यात कीटकनाशक द्रव्य असतं. सोसायटीच्या ज्या झाडांवर पेस्ट कंट्रोलची फवारणी होते त्यांचीही नको. पण नुसत्या पानांवर कवच होत नाही. आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतो. आधी मागचा अर्धा, मग एखाद-दोन दिवसांनी पुढचा. मधल्या वेळात मागचा भाग नवा आणि फिकट, पुढचा जुना, जणू दोन प्राणी जोडून बसवलेत. त्याआधी पोटाखाली चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात, कवचातलं कॅल्शियम तो तिथे साठवून ठेवतो आणि टाकलेली कात खाऊनही परत घेतो. इतका जपून वापरणाऱ्याला वरून थोडं द्यायला हवं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, म्हणजे माकूळ नावाच्या मासळीतलं पांढरं हाड. त्याचा एक तुकडा डब्यात महिनोन्महिने पुरतो. आठवड्यातून एकदा चिमूटभर सुका जवळा, मीठ जाईपर्यंत धुऊन. उरलेला दुसऱ्या दिवशी काढायचा.

राहिलं 'बागेत सोडा'. याबद्दल मी कुणाशीही तडजोड करणार नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर चढणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय सगळ्यांनी पाहिली आहे. ती आपली नाही. 1847 मध्ये कोलकात्याच्या एका बागेत हौशी हातांनी सोडलेल्या मोजक्या गोगलगायींपासून ती भारतात पसरल्याची नोंद आहे. आज ती शेतं खाते. ठाण्याच्या पाठीला येऊरचं जंगल आहे, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. तिथल्या पाचोळ्यात स्थानिक आयसोपॉड, वाण्या, गोगलगायी आधीपासून काम करत आहेत. त्यांना आपल्या डब्यातल्या पाहुण्यांची आणि त्यांच्या अंगावरच्या रोगजंतूंची गरज नाही. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने बाहेरच्या आक्रमक जातींवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला दिला, तो उगाच नाही.

जास्त झाले तर जवळा कमी करा, पिल्लं आपोआप कमी होतात. कुणाला द्यायचे तर हे सगळं समजावून द्या. आणि डब्यातली जुनी माती तशीच कुंडीत ओतू नका. आई पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवते. पिशवीतून बाहेर पडतात तेव्हा ती खसखशीएवढी, पांढरी आणि सहाच पायजोड्यांची असतात, मातीत डोळ्यांना दिसत नाहीत. जिवंत आयसोपॉड वेचून घेतले की ती माती पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मगच कुंडीत टाका.