एक एचपीची मोटर, शंभर किलोचं चाक आणि फुकटचा थ्री-फेज

आमच्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच व्हिडिओ चौघांनी टाकला. एक कडोलीचा, एक खानापूरचा, एक निपाणीचा आणि चौथा पुण्यात फ्लॅट घेतलेला, ज्याच्याकडं बोअर सोडा, कुंडीभर मातीही नाही. व्हिडिओ दीड मिनिटाचा. पत्र्याच्या शेडमध्ये एक मोटर, मध्ये जुन्या इंजिनाचं वाटावं असं आऱ्यांचं भलंथोरलं चाक, पलीकडं अल्टरनेटर, म्हणजे फिरवलं की वीज देणारं यंत्र, आणि भिंतीवर शंभर-शंभरचे दोन बल्ब लखलखीत. खाली मजकूर असा:

"सिंगल फेजवर १ एचपीची मोटर लावा. बेल्टनं १०० किलोचं, २ फुटी फ्लायव्हील फिरवा. त्यावर ५ केव्हीएचा थ्री-फेज अल्टरनेटर जोडा. फ्लायव्हील ताकद पाचपट करतं. पुली बदलली तर आणखी वाढते. ५ एचपीचा बोअर आरामात चालेल. आउटपुटमधली थोडी वीज परत मोटरला द्या आणि प्लग काढून टाका. कंपन्या हे दाबून ठेवतात. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा."

चौघांनीही शेवटी मलाच विचारलं, "काय गा, होईल काय हे?" बेळगावात उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, वाटेवर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणून. फोनवर सांगून सांगून घसा बसला, आता एकदाच लिहून टाकतो.

आधी एक कबूल करतो. हे पुढं पाठवणारे खुळे नाहीत. आपल्याकडं कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकटच आहे, तेव्हा बिलासाठी कोण एवढा खटाटोप करील? अडचण वेळेची आहे. थ्री-फेज येतो तो ठरलेले काही तास, तोही बऱ्याचदा रात्रीचा. दिवसा शिवारात सिंगल फेजवर एखादा दिवा जळतोय आणि समोर कोबी मान टाकून बसलाय, हे ज्यानं बघितलंय, हातात बॅटरी घेऊन रात्री दोनला सापाकिरड्यातनं ज्यानं पिकाला पाणी पाजलंय, त्याला दिवसाउजेडी पाच एचपी चालवून देतो म्हणणारा माणूस देवासारखा वाटणारच. म्हणून चेष्टा न करता एकेक वाक्य घेऊ.

"१ एचपीची मोटर ५ केव्हीएचा अल्टरनेटर फिरवते." फिरवते की! रिकामा असेल तर अर्ध्या एचपीचीही फिरवेल. अल्टरनेटरच्या पाटीवर ५ केव्हीए लिहिलंय म्हणजे तो पाच केव्हीए देतो असं नाही, तेवढं सोसू शकतो एवढंच. दारात पाच हजार लिटरची टाकी बसवली म्हणून बोअरला पाणी लागत नाही. टाकीत येणार ते आडातलंच, आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठनं?

खरी गंमत लोड टाकल्यावर कळते. आमच्या पिढीनं सायकलचा डायनॅमो वापरलाय. तो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, रात्री घरी जाताना मांड्या भरून यायच्या. दिवा होता इवलासा, तरी पायाला कळायचा. गणपतीत मंडपामागचा जनरेटर ऐका. हॅलोजन एकदम लावले की इंजिनाचा आवाज खाली बसतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो, धूर काळा होतो, मग आवाज परत वर येतो. वीज जेवढी ओढाल तेवढा अल्टरनेटर मागं खेचतो. लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञानं हे १८३४ मध्ये मांडलं. तेव्हापासून कुठल्याच अल्टरनेटरनं यातनं सूट घेतलेली नाही.

आता हिशेब. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि तेही शाफ्टवर मिळणारे. तेवढे द्यायला सिंगल फेजची साधी मोटर लाइनमधनं साधारण ११०० वॅट ओढते, बाकीचे तापण्यात जातात. बेल्टमध्ये थोडे जातात. छोट्या अल्टरनेटरमध्ये पाचवा हिस्सा आणखी जातो. शेवटी हातात पडतात ५५०-६०० वॅट. अकराशे घातले, निम्मे निघाले. ५ एचपीच्या सबमर्सिबलला हवेत पाच हजारांच्या आसपास, आणि ते चालू झाल्यावर! सुरू होताना डायरेक्ट स्टार्टरवर मोटर नेहमीच्या सहापट करंट मागते. पाच केव्हीएचा अल्टरनेटर देतो सात अँपिअर आणि मोटर मागते चाळीस-पंचेचाळीस. मग काय होतं ते मी टेबलावर रोज बघतो: मोटर फिरत नाही, नुसती हूं करते, आणि मोटर वाचवणारा ओव्हरलोड रिले बायपास केलेला असला तर पाच मिनिटांत वायंडिंगचा वास सुटतो. माझा धंदा होतो, तुमचा हंगाम जातो.

व्हिडिओतले दोन बल्ब? दोनशे वॅट. ते १ एचपीची मोटर सहज पेलते, त्याला चाकाचीसुद्धा गरज नाही. करंट मोजायचा टाँग टेस्टर दाखवतात तोही एकाच बाजूला. पलीकडं नुसते व्होल्ट दाखवतात, ४१५, आणि अँपिअर वाचतात पाटीवरचे. बोअर चालू असताना दोन्ही बाजूंना युनिटचं मीटर लावून तासभर ठेवलेला व्हिडिओ मला कुणी दाखवलेला नाही.

"फ्लायव्हील ताकद पाचपट करतं." सगळा खेळ या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

फ्लायव्हील, म्हणजे ते जड चाक, ही कणगी आहे. सुगीत भरायची, गरजेला काढायची. कणगी मोठी केली म्हणून जोंधळा वाढत नाही. पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसला मोठं चाक असतं ते याच कामासाठी. मोटर दोन-चार सेकंद चाकात जोर भरते आणि चाक तो एका ठोक्यात पत्र्यावर ओततं. सिंगल सिलिंडर इंजिनाचं चाक दोन धक्क्यांमधला वेळ भरून काढतं. दोन्हीकडं चाक जोर देतं तो क्षणभरासाठी, आणि देतं ते उसनं.

किती उसनं देतं? १०० किलोची, २ फूट व्यासाची भरीव चकती १४४० आरपीएमवर फिरत असेल तर तिच्यात साठतात साधारण ५१ हजार ज्यूल. ऐकायला जबरदस्त. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे चाकात आहे युनिटचा सत्तरावा हिस्सा. ५ किलोवॅटचा पंप तो दहा सेकंदांत पिऊन टाकतो. सगळं वजन कडेला आहे असं धरलं तरी दुप्पट, वीस सेकंद. पाणी पाइपातनं वर यायच्या आत कणगी रिकामी. आणि ती परत भरायची कुणी? त्याच १ एचपीच्या मोटरनं.

दोनशे वॅटचे बल्ब मात्र त्याच चाकावर प्लग काढल्यानंतरही दोन-चार मिनिटं मंदावत मंदावत जळतात. व्हिडिओ दीड मिनिटाचा का आहे, हे लक्षात आलं असेल.

हिशेबापेक्षा मला जास्त काळजी त्या चाकाची आहे. दोन फुटी चाक १४४० वर फिरलं की त्याची कड ताशी १६५ किलोमीटरनं पळते. आऱ्यांच्या ओतीव लोखंडी चाकांसाठी जुन्या कारखान्यांत साधा नियम होता: कडेचा वेग मिनिटाला एक मैल, म्हणजे ताशी ९६ किलोमीटर, यापुढं नाही. इथं वेग पावणेदोनपट दिसतो, पण चाक फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. बेळगावात फाउंड्रीत काम केलेल्याला ओतकामातला ब्लो-होल काय असतो हे सांगायला नको. वरनं गुळगुळीत दिसतं, आत फुगा असतो. मशीनिंग करताना सापडला तर नशीब. हजार-बाराशे आरपीएमवर सापडला तर पत्र्याची शेड त्याला अडवत नाही. व्हिडिओत चाकाला जाळीसुद्धा नाही, आणि मागं एक पोरगं उभं आहे.

"पुली बदलली तर ताकद आणखी वाढते." गोव्याकडनं बेळगावला येताना चोर्ला घाट भरल्या टेम्पोनं चढलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या गिअरवर जोर मिळतो, वेग जातो. पाचव्यावर वेग मिळतो, जोर जातो. पुली तेच करते. दोन्ही एकदम मिळत असते तर ड्रायव्हरनं पणजीत निवांत मासे खाऊन मग घाट पाचव्यावर चढवला असता.

"थोडी वीज परत मोटरला द्या आणि प्लग काढून टाका." काढा की. याच्यापेक्षा स्वस्त परीक्षा नाही. मी काढलाय. डिप्लोमाला असताना मावसभाऊ आणि मी मिळून अर्ध्या एचपीची मोटर आणि भंगारातला जीपचा अल्टरनेटर एका लाकडी फळीवर बसवला होता. आत किती जातंय आणि बाहेर किती येतंय हे मोजायचं सुचलं ते तिसऱ्या दिवशी: आत पाचशेच्या वर वॅट, बाहेर दोनशेसुद्धा नाहीत. तरी भावाचा हट्ट, प्लग काढून बघूच. मी काढला. चाक नव्हतंच, त्यामुळं तीन सेकंदांत सगळं गार. मावशी दारातनं म्हणाली, "झालं? आता तो मिक्सर लावू दे मला."

एक युनिट म्हणजे केवढी गोष्ट आहे, तेही सांगतो. गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटर उंच. तिथनं पडणाऱ्या पाण्यातला जोर थेंबभरही वाया न घालवता विजेत उतरवला, तरी एका युनिटला सात हजार लिटर पाणी खाली यावं लागतं. एक टँकर. ५ किलोवॅटचा पंप तासभर चालवायचा तर असे पाच टँकर त्या कड्यावरनं ओतायचे. तेवढा जोर दर तासाला कुठनं तरी यायला पाहिजे. पत्र्याच्या शेडमध्ये तो कुठनं येतो, हे मजकूर लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही.

प्लग काढायच्या त्याच वाक्यात दुसरा धोका लपलाय. घरचा आउटपुट, बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच न लावता, लाइनला जोडलात तर वीज उलटी टीसीकडं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडं, जाते आणि पलीकडं हाय टेन्शन होऊन उभी राहते. लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला ते कळत नाही. जनरेटर असलेल्यांनीही हे वाचावं.

"कंपन्या हे दाबून ठेवतात." कुणापासनं? उद्यमबागेपासनं? इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सातशे युनिटं लागतात, आणि मालक बिल बघून सकाळचा चहा कडू करून घेतो. मोटर, बेल्ट, चाक, अल्टरनेटर हे सगळं इथं एका गल्लीत मिळतं, चाक तर आपणच ओततो. हे चालत असतं तर पहिला अल्टरनेटर भट्टीशेजारी बसला असता आणि शेजाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून वर ताडपत्री असती. लपवायला काही नाहीच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्येच जाहीर केलं की आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढं तपासणार नाही, इतके यायचे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमातही निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा हा शोधच धरलेला नाही.

"पूर्वजांना माहीत होतं." कल्पना माहीत होती, हे खरं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय. एका बाजूचा पारा कडेला सरकतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडं, आणि चाक फिरत राहतं अशी ती युक्ती. सुंदर आहे. पण कडेला कमी आऱ्या आणि आसाकडं जास्त, असा तोल जमतो आणि चाक थांबतं. त्यानंतरच्या नऊशे वर्षांत त्यावर कुणी मोट ओढलेली नाही. भास्कराचार्यांचं मोठेपण त्यांच्या गणितात आहे, त्यांना या पोस्टमध्ये साक्षीला ओढू नका.

पुण्याच्या मित्रानं मध्येच विचारलं, "मग प्लगमध्ये लावायचं ते पॉवर सेव्हर तरी?" त्यात एक छोटा कंडेन्सर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती बिल युनिटवर येतं, कंडेन्सरनं युनिट कमी होत नाहीत. कारखान्यात पॉवर फॅक्टरचा दंड असतो, तिथं कंडेन्सरचं पॅनल खरोखर पैसे वाचवतं. तुझ्या फ्लॅटमध्ये तो हिरवा दिवा तेवढा जळेल.

राहता राहिला सिंगल फेजवर थ्री-फेज पंप. ते होतं, आणि त्यात जादू नाही. सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा ड्राइव्ह मिळतो, त्यावर एक-दोन एचपीचा पंप व्यवस्थित चालतो. तो विजेचं रूप बदलतो, माप नाही. पाच एचपीला लाइनमधनं तेवढीच वीज ओढावी लागते, म्हणजे वीस-पंचवीस अँपिअर, आणि शिवारातली सिंगल फेजची तार एवढ्यात दिव्याचा काजवा करते. दिवसाच पाणी पाजायचं असेल तर छोटा पंप, वर टाकी आणि ड्रिप, नाहीतर सौर पंप. दोन्हीला पैसे लागतात, म्हणून त्यांचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. निपाणीच्यानं अंगठा दाखवला. पुण्याच्यानं हसरा चेहरा. कडोलीचा अर्धा तास गप्प होता, मग त्याचा मेसेज आला: "चाकाची ऑर्डर दिलीय गा परवा. ॲडव्हान्स परत देईल काय तो?"

साचा भरला नसेल तर देईल. उद्या सकाळी लवकर जा.