चार्जिंगच्या वायरचा फ्यूज: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बोटीच्या बॅटरी-चार्जिंगसाठी फ्यूज कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: ६५ अँपिअरच्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राला) मी ८० अँपिअरचा फ्यूज सुचवला, म्हणजे अल्टरनेटरला संरक्षणच उरले नाही, आपल्या बोटीवर घरगुती ६३ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) आठ वर्षे बिनतक्रार चालला आहे, मग महाग फ्यूज कशाला, स्टार्टरच्या जाड केबलला इंजिन बनवणारेसुद्धा फ्यूज देत नाहीत, आणि खाऱ्या हवेत फ्यूजच आधी सडतो. शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. उरलेल्या तिन्हींबाबत माझे मत बदललेले नाही, आणि त्याची कारणे मांडणे हे माझे कर्तव्य आहे, कारण आपल्यासारख्या अनुभवी बोटमालकाचे ऐकून इतरही तसेच करतील.

हा फ्यूज अल्टरनेटरला वाचवण्यासाठी नसतोच. तो वायरला वाचवण्यासाठी असतो, आणि तेही बॅटरीपासून. अल्टरनेटर आपल्या क्षमतेपलीकडे फारसा प्रवाह देऊच शकत नाही, त्यामुळे त्याच्या योग्य जाडीच्या वायरला त्याच्याकडून धोका नाही. बॅटरीचे तसे नाही. १०० अँपिअर-तासांच्या चांगल्या लेड-ॲसिड बॅटरीचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम धरला, तर तिच्या टोकांवरच शॉर्ट झाल्यास सुमारे २,५०० अँपिअर वाहतील. आता १० चौरस मिलिमीटरची चार्जिंगची वायर बॅटरीपासून २ मीटरवर इंजिनच्या कडेला घासून उघडी पडली आणि इंजिनला टेकली, असे समजा. वायरचा रोध धरूनही प्रवाह १,४०० अँपिअरच्या वर जातो, आणि त्या प्रवाहात साध्या पीव्हीसी वायरचे तांबे सेकंद-दीड सेकंदात १६० अंशांवर पोहोचते, म्हणजे पीव्हीसीच्या सोसण्याच्या शेवटच्या मर्यादेवर. इंजिन बंद असो, बोट धक्क्याला बांधलेली असो, बोटीवर कोणी नसो, हे घडू शकते. मागच्या पावसाळी मासेमारीबंदीत एका परिचितांची बोट वर ओढून ठेवलेली असताना मी तिची वायरिंग पाहिली, तेव्हा नेमकी हीच वायर इंजिनच्या पायाशी घासून तिचे तांबे दिसू लागले होते. फ्यूज होता, पण अल्टरनेटरच्या टोकाला. तिथला फ्यूज वितळला असता तरी घासलेल्या जागेकडे बॅटरीतून येणारा प्रवाह थांबला नसता.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा. अमेरिकेतील एबीवायसी या संस्थेचे नौकांसाठीचे मानक सर्वसाधारणपणे ७ इंचांच्या आत म्हणते, म्हणजे वीतभरही नाही. वायर नळीतून किंवा जाड आवरणातून नेलेली असेल तर काही सूट आहे. या अंतराबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधला वायरचा प्रत्येक सेंटिमीटर संरक्षणाविना राहतो.

आता ८० अँपिअरच का, ते पाहू. ६५ अँपिअरचा अल्टरनेटर उतरलेली बॅटरी भरताना बराच वेळ पूर्ण क्षमतेने चालतो, इंजिनाजवळची हवा तापलेली असते आणि अशा उष्णतेत फ्यूज छापील आकड्याच्या आधीच वितळू शकतो. म्हणून फ्यूज अल्टरनेटरच्या सुमारे सव्वापट घ्यावा लागतो. आपण म्हणता तसा ६० चा घातला, तर तो भर समुद्रात विनाकारण जाण्याची शक्यता मोठी, आणि धावत्या अल्टरनेटरपासून बॅटरी अशी अचानक तुटली की व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते. वाहनांच्या विद्युत चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १२ व्होल्टच्या यंत्रणेसाठी ही उसळी ७९ ते १०१ व्होल्ट धरलेली आहे. अल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर, आणि त्याच तारेवर चालणारे जीपीएस व फिश फाइंडर एका झटक्यात जाऊ शकतात. अल्टरनेटरची काळजी म्हणून घातलेला लहान फ्यूज अल्टरनेटरच्याच मुळावर येतो.

८० चा फ्यूज घ्यायचा, तर वायर मात्र त्याला साजेशी हवी. नौकांसाठीच्या आयएसओ तक्त्यात ७० अंशांपर्यंत तापमान सोसणाऱ्या आवरणाच्या १६ चौरस मिलिमीटर वायरला ९० अँपिअर दिलेले आहेत, पण इंजिनाच्या जागेत त्याचे पाऊणपट धरायचे असतात, म्हणजे ६७ च. २५ चौरस मिलिमीटरला १२० चे ९० उरतात, आणि तिथे ८० चा फ्यूज बसतो. म्हणून मी २५ लिहिले होते; दुकानदाराने आपल्याला १६ पुरेल असे सांगितले, त्याने बहुधा फक्त अल्टरनेटरचा आकडा पाहिला असावा.

एमसीबीबद्दल मला सर्वाधिक चिंता वाटते. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी स्विचमधली ठिणगी विझते, आणि घरगुती एमसीबीची तोडण्याची क्षमता त्याच भरवशावर ठरवलेली असते. बॅटरीच्या डीसी प्रवाहात तो क्षण कधीच येत नाही. आठ वर्षे तो चालला याचा अर्थ आठ वर्षांत शॉर्ट झाला नाही, इतकाच. त्याची परीक्षा अजून व्हायची आहे. फ्यूजचेही तेच: तो किती अँपिअरला वितळतो याइतकेच महत्त्वाचे आहे, की तो किती अँपिअरचा शॉर्ट सुरक्षितपणे तोडतो. गाडीतल्या पात्याच्या फ्यूजची ही क्षमता सहसा १,००० अँपिअर असते, म्हणजे वर सांगितलेल्या २,५०० पुढे अपुरी. तो फुटून ठिणगी चालूच राहू शकते, तीही चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडणाऱ्या बॅटरीशेजारी. एएनएल प्रकारच्या फ्यूजची क्षमता ३२ व्होल्टला ६,००० अँपिअर आहे, आणि बॅटरीच्या टोकावरच बसणाऱ्या एमआरबीएफ फ्यूजची १४ व्होल्टपर्यंत १०,०००. आपल्या बोटीला या दोहोंपैकी कोणताही चालेल. पुढे लिथियम बॅटरी घेतलीत, तर तिचा अंतर्गत रोध खूपच कमी असल्याने २०,००० अँपिअर तोडणारा क्लास टी फ्यूजच घ्यावा.

स्टार्टरची केबल हा अपवाद आहे हे खरे. एबीवायसीचे मानकही तिला सूट देते, पण ती केबल निर्धोक असते म्हणून नव्हे, तर स्टार्टर क्षणभर शेकडो अँपिअर ओढतो म्हणून. त्यामुळे ती केबल आखूड, घासण्यापासून दूर आणि मुख्य स्विचमागे असावी लागते. अनेक इंजिनांत अल्टरनेटरची बारीक वायर याच जाड केबलच्या स्टार्टरकडच्या बोल्टवर जोडलेली असते. आपल्याकडे तसे असेल, तर बारीक वायरचा फ्यूज त्या बोल्टजवळ लावावा, कारण तिला बॅटरी तिथून भेटते.

आता सडण्याविषयी. पात्याच्या फ्यूजचा स्प्रिंगचा चिमटा खाऱ्या हवेत लवकर खराब होतो. तिथे ५ मिलिओहम रोध तयार झाला, तरी ६५ अँपिअरला २१ वॅट उष्णता निर्माण होते आणि फ्यूजचे घरच वितळू लागते. हे मी लेखात लिहायला हवे होते. बोल्टने आवळलेला फ्यूज, वायरच्या टोकांना कथिल चढवलेले लग (बोल्टवर बसणारे जोड) आणि वर झाकण हा त्यावर उपाय आहे. फ्यूज नवा असताना, पूर्ण चार्जिंग चालू ठेवून, त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजून लिहून ठेवावेत; पुढच्या हंगामात तेवढ्याच प्रवाहाला आकडा वाढलेला दिसला, तर जोड उघडून साफ करावेत. त्याच आकड्याचे दोन सुटे फ्यूज बोटीवर ठेवावेत.

आपली सध्याची वायर १६ ची आहे, पण तिच्या आवरणावर किती अंश छापले आहेत ते आपण लिहिलेले नाही. ते १०५ असेल तर त्याच तक्त्यात १३० अँपिअर मिळतात, इंजिनाच्या जागेत त्यातले सुमारे ११० उरतात, आणि वायर न बदलता ८० चा फ्यूज चालेल. नारळी पौर्णिमेआधी, बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी, तेवढे पाहून कळवावे, ही विनंती.