‘सरळ नऊशेचा टाका’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

आमच्या कॉलनीच्या पावसाळी गटाराला केवढा पाइप लागेल, यावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, त्या हिशोबात मी वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी न मुरता वाहून जाणारा भाग, 0.6 धरला, तो कमी आहे. दोन, ‘एवढी गणितं कशाला? सरळ 900 मिमीचा पाइप टाका, विषय संपला.’

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. 0.6 धरताना माझ्या डोक्यात बंगल्यांपुढची जुनी अंगणं होती. आता तिथे पेव्हर ब्लॉक आणि गाड्या आहेत, पाणी मुरणार कुठे? 0.8 तरी हवाच. गंमत म्हणजे त्याने उत्तरच बदलतं. क्षेत्र 2 हेक्टर, पाऊस तासाला 60 मिमी. गुणांक, क्षेत्र, पाऊस या तिघांचा गुणाकार करून 360ने भागायचं, की सेकंदाला किती घनमीटर (1 घनमीटर म्हणजे 1000 लिटर) ते मिळतं. 0.6ने सेकंदाला 200 लिटर येतात, 0.8ने 267. दोनशे मीटरला एक मीटर उतारावर मी सुचवलेला 450 मिमीचा काँक्रीट पाइप भरून वाहिला तरी जेमतेम 200 लिटर नेतो. काठावर पास झालेला माझा 450 तुम्ही नापास केलात. 600 लागेल, तो 430 लिटरच्या आसपास नेतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण मग 900 कशाला? व्यास दीडपट केला की क्षमता जवळजवळ तिप्पट होते, हे खरं. त्यामुळेच साइटवर ‘पाइप मोठा आहे ना, मग उतार कमी चालेल’ असं म्हणत पाइप जवळजवळ सपाट टाकला जातो. आपल्याकडे हातभर खणलं की काळा कातळ लागतो, ब्रेकरचं बिल वाढतं, त्यामुळे हा मोह सगळ्यांनाच होतो. तुम्ही ठेकेदारी केली आहे, तुम्हाला मी काय सांगू! उतार चौथाई केला की क्षमता निम्मी होते. तेवढी 900ला परवडेल, पण पाण्याचा वेगही निम्मा होतो आणि रिमझिम पावसात बारीक खडी, माती तळाशी बसायला लागते. दोन पावसाळ्यांनंतर तुमच्या 900 मध्ये 900 उरतच नाही.

आता गेल्या जुलैमधली गोष्ट. कोपऱ्यावर गुडघाभर पाणी. शेजाऱ्याने आणि मी पहारीने चेंबरचं झाकण उचकटलं, टॉर्च मारला. आत पाइप एक तृतीयांशही भरलेला नव्हता! वरची जाळी अर्धी डांबराखाली गेलेली, उरलेल्या अर्ध्यात दुधाच्या पिशव्या आणि बदामाची पानं. हाताने ओढून काढली तर दहा मिनिटांत रस्ता मोकळा. तिथे 1200चा पाइप असता तरी पाणी वरच उभं राहिलं असतं.

तुम्ही नाशिकच्या सराफ बाजारात तुंबणाऱ्या पाण्याचं उदाहरण दिलंत. तिथलं दुखणं वेगळं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढून गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला (पुराची आपली खूण) पाणी चढलं की नदीकाठच्या गटारांची तोंडंच बुडतात. पाणी पुढे जायचं सोडून मागे फिरतं, आणि मोठ्या पाइपातून ते जास्तच ऐसपैस येतं. तिथे तोंडाशी झडप हवी, आणि झडप बंद असताना मागे साठणाऱ्या पाण्यासाठी पंप.

तुमच्या गल्लीत पाणी तुंबेल तेव्हा एकदा झाकण उघडून बघा आणि पाइप किती भरलाय ते कळवा. पूर्ण भरून वाहत असेल, तर 900ची बाजू मी स्वतः मांडेन.